पाखरू फुगून बसलंय? उद्यावर टाकू नका

परवा दुपारी कचेरीत एका भगिनीचा फोन आला. आवाज रडवेला झालेला. मुलाच्या वाढदिवसाला त्यांनी झेब्रा फिंचची जोडी घरी आणली होती. तीन महिनेसुद्धा झाले नव्हते, आणि त्या दिवशी सकाळी बघतात तो नर पिंजऱ्याच्या तळाशी मरून पडलेला.

"कालपर्यंत अगदी चांगला होता हो! दाण्याची वाटी काठोकाठ भरलेली, पाणी भरलेलं. सासूबाई म्हणतात, मुक्या जिवाचा तळतळाट लागतो, कशाला आणलीत ही ब्याद घरात. मुलगा सकाळपासून जेवला नाही. आणि आता मादीसुद्धा पिसं फुलवून कोपऱ्यात बसलीय. काय करू?"

त्यांना काय सांगितलं आणि त्या मादीचं पुढं काय झालं, ते शेवटी सांगते. पण फोन खाली ठेवल्यावर वाटलं, ही एकट्या त्यांची अडचण नाही. हल्ली गावोगावी, ब्लॉकच्या गॅलरीत, हॉलच्या खिडकीत हे पिटुकले पक्षी दिसतात. हौसेनं आणतो आपण, पण आजारी पडले तर काय, हे दुकानदार काही सांगत नाही. म्हणून या खेपेला पाककृती आणि विणकाम जरा बाजूला ठेवून पाखरांविषयी लिहिते. मी डॉक्टर नव्हे बरं का. बरीच वर्षं हे पक्षी पाळते, आणि चुकत-माकत, पशुवैद्यांना विचारत जे शिकले, तेच इथं मांडते.

'कालपर्यंत चांगला होता' म्हणजे काय?

झेब्रा फिंच हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानातला पक्षी. वजन अवघं बारा ते पंधरा ग्रॅम, म्हणजे आपल्या दोन-तीन चमचे साखरेइतकं! रानात थव्यातला जो पक्षी दुबळा दिसतो, तो ससाण्याच्या तोंडी आधी जातो. म्हणून आजारीपण लपवायचं, हा त्याच्या अंगातच मुरलेला स्वभाव. अंगात त्राण असेतो तो दांडीवर ताठ बसतो, दाणे टिपल्यासारखं करतो. आपल्याला आजार दिसतो तेव्हा तो बहुधा पुष्कळ पुढं गेलेला असतो.

म्हणूनच या पाखरांच्या बाबतीत एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. 'उद्या बघू' हे चालत नाही. सकाळी शंका आली तर दुपारच्या आत हातपाय हलवायचे.

रोजची दोन मिनिटं

आपलं मूल जरा किरकिरलं तरी आपल्याला कळतं, कारण ते रोज कसं असतं हे आपल्याला ठाऊक असतं. पाखराचंही तसंच. सकाळचा चहा हातात घेऊन दोन मिनिटं पिंजऱ्यापासून चार पावलं लांब उभ्या राहा. अगदी जवळ गेलात तर तो सावध होईल आणि बरं असल्याचं सोंग करील. काय पाहायचं ते सांगते.

पिसं : थंडीत किंवा झोपताना पिसं थोडी फुलतात, ते ठीक. पण भर दुपारी, उबेतही चेंडूसारखा फुगून बसला असेल तर तो आजारी समजा.

बसणं : निरोगी पक्षी झोपतो तो बहुधा एक पाय पोटात घेऊन, मान मागं वळवून. दोन्ही पायांवर रेलून, डोळे मिटून दिवसाउजेडी बसलेला किंवा पिंजऱ्याच्या तळाशी उतरलेला पक्षी म्हणजे धोक्याची घंटा.

आवाज : झेब्रा फिंचमध्ये गातो तो नर. नारिंगी गालांचा, छातीवर बारीक पट्टे असलेला. मादी नुसती खेळण्यातल्या पिपाणीसारखी पीप-पीप करते. रोज गाणारा नर दोन दिवस गप्प असेल तर कारण शोधा. पिसं झडायच्या दिवसांतही तो थोडा मंदावतो, हे मात्र खरं.

श्वास : चोच उघडी टाकून धापा टाकणं, श्वासागणिक शेपटी वर-खाली होणं.

विष्ठा : तळाशी रोज स्वच्छ वर्तमानपत्र घाला म्हणजे चटकन कळतं. चांगल्या विष्ठेत गडद भाग, त्यावर पांढरा भाग आणि किंचित ओल असते. पालेभाजी खाल्ल्यावर ती थोडी पातळ, हिरवट होते, त्याची भीती नाही. पण पालेभाजी न देताही हिरवं पाणी दिसलं, रक्त दिसलं, सबंध दाणे जसेच्या तसे बाहेर पडले किंवा शेपटीखालची पिसं चिकटून घाण झाली, तर दुखणं पोटाचं आहे.

वजन : घरात एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकाचा काटा असेल तर छोट्या डबीत पक्ष्याला ठेवून आठवड्यातून एकदा वजन लिहून ठेवा. (डबीचं वजन वजा करायला विसरू नका!) दोन ग्रॅम उतरले, तर आपलं आठ-दहा किलो उतरल्यासारखं आहे. काटा नसेल तर बोटानं छातीचं हाड चाचपावं. दोन्ही बाजूंनी मांस भरलेलं हवं. हाड विळीच्या पात्यासारखं लागलं तर पक्षी उपाशी आहे किंवा फार दिवसांचा आजारी आहे. पकडताना खोलीत अंधार करा, म्हणजे तो धडपडत नाही, आणि छाती दाबू नका. पक्षी छाती हलवूनच श्वास घेतो. मुठीत घट्ट धरला तर गुदमरतो.

वाटी भरलेली, पाखरू उपाशी

आता जे सांगते, ते दोनदा वाचा. फिंच दाणा सबंध गिळत नाही. चोचीत फिरवून सोलतो, आतला गर खातो आणि फोलकट तिथंच टाकतो. फोलकटं हलकी असल्यामुळे वर साठतात, आणि लांबून वाटी भरलेली दिसते. आपण म्हणतो, 'आहेत की दाणे!' आणि तिकडं खाली एक दाणा नसतो. एवढ्याशा पाखराला दिवसभराचा कडकडीत उपास म्हणजे जिवावरचंच दुखणं.

उपाय अगदी सोपा. आपण तांदूळ पाखडतो तसं रोज सकाळी वाटीवर फुंकर मारा. फोलकटं उडून जातील, खरे दाणे किती ते दिसेल. मग वाटी रिकामी करून, पुसून ताजे दाणे भरा. नुसती वरून भर घालू नका, कारण तळातले जुने दाणे दमट होऊन बुरसतात.

दाण्यांत राळे, वरी, थोडी बाजरी. जोडीला धुतलेली कोथिंबीर, पालक किंवा मेथीची पानं. आणि समुद्रफेस! काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो तोच. त्याचा एक तुकडा पिंजऱ्याला कायम बांधून ठेवा. तो नसला तर अंड्याची टरफलं दहा मिनिटं उकळून, वाळवून, कुटून द्या. कॅल्शियम यातूनच मिळतं, आणि मादीला त्याची किती गरज असते ते पुढं येईलच. पाणी रोज सकाळी बदला, उन्हाळ्यात दोनदा.

पहिला तास : ऊब

पक्षी आजारी वाटला की पहिलं औषध म्हणजे ऊब. त्याच्या अंगाचं तापमान सुमारे ४१ अंश सेल्सियस असतं. आजारात खाणं कमी होतं आणि अंगातली सगळी शक्ती ऊब धरून ठेवण्यातच संपते. ती ऊब आपण बाहेरून दिली की ती शक्ती त्याला आजाराशी झगडायला उरते.

लहान पिंजरा किंवा भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं घ्या. तळाशी साधा कागद किंवा जुना पंचा घाला. पक्ष्याला त्यात वेगळा ठेवा, म्हणजे आजार असलाच तर दुसऱ्याला लागणार नाही आणि हा किती खातो तेही कळेल. दाणे आणि पाण्याची उथळ वाटी तळाशीच, अगदी चोचीपुढं ठेवा. तीन बाजूंनी कापड टाका, एक बाजू हवेला मोकळी ठेवा.

उबेसाठी जुन्या पद्धतीचा चाळीसचा पिवळा बल्ब एका बाजूला, पिंजऱ्याच्या बाहेर लावा. हल्लीचे एलईडी दिवे उजेड देतात, ऊब देत नाहीत, हे विसरू नका. कापड बल्बला चिकटू देऊ नका, आग लागेल. बल्ब नसेल तर शेकायची गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला लावा आणि गार झाली की बदला. आत तीस अंशांच्या आसपास तापमान हवं. भिंतीवरचं स्वस्तातलं थर्मामीटर आत ठेवलं की झालं. एक बाजू उबदार, दुसरी थोडी गार असू द्या. पाखरू आपल्याला हवी ती जागा निवडतं. चोच उघडून धापा टाकत पंख अंगापासून लांब धरले, तर ऊब फार झाली समजा आणि बल्ब लांब सरकवा.

विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात अर्थात उलटं. खोलीच चाळिशीला टेकली असेल तेव्हा बल्ब कसला लावता! तेव्हा सावली, खेळती हवा आणि अंगावर पाण्याचा बारीक फवारा. मात्र कूलरचा किंवा पंख्याचा थेट झोत नको, आणि बर्फाचं पाणी तर नकोच नको.

अंडं अडलं तर

मादी तळाशी फुगून बसलीय, पाय फाकलेत, शेपटी हलवून कुंथतेय, पोट खालून सुजलंय. अशा वेळी अंडं अडलेलं असण्याची दाट शक्यता असते. आपण बायका, आपल्याला वेगळं सांगायला नको की अडलेल्या जिवाला वेळ घालवणं परवडत नाही. वरच्यासारखीच ऊब द्या, शिवाय खोक्यापाशी वाफाळत्या पाण्याचं भांडं ठेवा म्हणजे हवेत ओल राहील. त्यात पक्षी पडणार नाही, एवढं बघा. पोट दाबून अंडं काढायला मुळीच जाऊ नका. आत फुटलं तर मादी हाती लागत नाही. दोन-तीन तासांत मोकळी झाली नाही तर तडक पशुवैद्य गाठा.

हे होतं ते बहुतेक कॅल्शियम कमी पडल्यानं, थंडीनं, मादी वयानं फार लहान असल्यानं किंवा लागोपाठच्या वेतांनी. झेब्रा फिंच एका वेळी चार ते सहा अंडी घालते, बारा-चौदा दिवस उबवते, आणि पिल्लं मोठी होतात न होतात तोच पुन्हा अंड्यावर बसते. आपण कौतुकानं बघत राहतो आणि ती बिचारी झिजून जाते. वर्षाकाठी दोन, फार तर तीन वेत पुरेत. मग घरटं काढून घ्या. झोपायला तिला घरट्याची गरज नसते.

आणखी काही दुखणी

रात्री दिवा मालवल्यावर पक्ष्याच्या श्वासातून टिक्-टिक् असा बारीक आवाज येत असेल, गाणं बंद झालं असेल, चोच सारखी दांडीला पुसत असेल, तर श्वासमार्गात बारीक किडे झाल्याची शंका घ्यावी. याला औषध आहे, पण ते थेंबानं मोजायचं असतं आणि थेंब जास्त झाला तर तेच विष. डॉक्टरांकडूनच घालून घ्या.

पक्षी रात्री अस्वस्थ, दिवसा मलूल, असं असेल तर रात्री पिंजऱ्यावर पांढरं कापड टाकून पहाटे उलटून पाहा. लालसर बारीक ठिपके हलताना दिसले तर ते रक्त पिणारे किडे आहेत. दिवसा ते फटीत दडतात. पक्षी दुसरीकडं हलवून पिंजरा, दांड्या उकळत्या पाण्यानं धुवा, उन्हात कडकडीत वाळवा, घरटं टाकून द्या. ढेकणाचं औषध मात्र पिंजऱ्यावर मारू नका.

डोक्यावरची, पाठीवरची पिसं नुसती उपटल्यासारखी दिसली तर बहुधा दाटीत दुसरा पक्षी टोचतोय. हे आजारपण नव्हे, जागेची टंचाई! मोठा पिंजरा घ्या किंवा भांडखोराला वेगळा करा.

हे करू नका

आपल्याकडं घरगुती उपायांची हौस फार. पण चोचीत पाणी किंवा औषध ओतू नका, ते श्वासनळीत जातं. ब्रँडीचा थेंब, तेलाचा थेंब, हळदीचं दूध, यातलं काही नको. पक्ष्याला दूध पचत नाही. मुलांच्या तापाची उरलेली गोळी पाण्यात घोळून देणं तर अगदीच घातक. आजारी पाखरू पाणी पितं थोडं, मग औषध पोटात किती गेलं याचा हिशेब कुणी ठेवायचा?

आणि स्वयंपाकघर! पाखरांची फुप्फुसं फार नाजूक. न चिकटणारा तवा रिकामा तापला की त्यातून निघणारा वायू आपल्याला कळतही नाही, पण पिंजऱ्यातला पक्षी काही मिनिटांत मरतो. फोडणीचा धूर, डासांची अगरबत्ती, उदबत्ती, कपड्यांतल्या डांबराच्या गोळ्या, फवाऱ्याची औषधं, या सगळ्यांपासून पिंजरा लांब ठेवा. खाण्यात मीठ, चहा, चॉकलेट, कांदा आणि ॲव्होकाडो देऊ नका.

डॉक्टरांकडं जाताना

प्रत्येक तालुक्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. तिथले डॉक्टर गाई-म्हशी जास्त पाहतात हे खरं, पण संकोच करू नका. पक्षी पाहणारं जवळ कोण आहे, हे ते सांगतील. मुंबईत परळला १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथंही अशी महाविद्यालयं आहेत. चौकशी पक्षी धडधाकट असतानाच करून नंबर भिंतीवर लिहून ठेवा. ऐनवेळी धावपळ नको. नेताना तळाचा कागद बदलू नका, डॉक्टरांना विष्ठा पाहायची असते. मोबाइलवर त्याच्या श्वासाचं, बसण्याचं चित्रण करून न्या. दवाखान्यात गेल्यावर भीतीनं तो ताठ बसतो आणि डॉक्टरांना काही दिसत नाही.

नवा पक्षी आणला तर तीस दिवस वेगळ्या खोलीत ठेवा, मगच जुन्यांत सोडा. आणि बाजारात कुणी लाल मुनिया किंवा ठिपक्यांची मुनिया विकत असेल तर घेऊ नका. ती आपल्या रानातली पाखरं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्यांना पकडणं, विकणं गुन्हा आहे. पाखरांना हात लावल्यावर साबणानं हात धुवा, आणि विष्ठा कोरडी झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. घरात तान्हं बाळ किंवा दम्याचं माणूस असेल तर हे अधिकच जपा.

आता त्या भगिनींची गोष्ट. फोनवर मी त्यांना म्हटलं, "आधी जाऊन वाटीवर फुंकर मारा आणि मला सांगा." त्या गेल्या, आणि परत आल्या तेव्हा काही क्षण बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "अहो, सगळी फोलकटंच. खाली चार दाणेसुद्धा नाहीत."

मी लगेच त्यांना खोक्याची, बल्बची, राळ्याची सगळी माहिती दिली आणि संध्याकाळच्या आत दवाखान्यात न्यायला सांगितलं. गेल्या आठवड्यात त्यांचं पत्र आलं. उबेत ठेवल्यावर तासाभरानं मादीनं पहिला दाणा टिपला. डॉक्टरांनी तपासून छातीचं हाड वर आल्याचं सांगितलं, दुसरा आजार दिसला नाही. आता ती दांडीवर बसते, पीप-पीप करते. नर त्याच कारणानं गेला की आणखी कशानं, हे मी इतक्या लांबून सांगू शकत नाही, आणि त्यांनीही त्याचं ओझं मनावर घेऊ नये. तळतळाट वगैरे काही नसतो. माहिती नव्हती, एवढंच. माझ्या पहिल्या जोडीच्या वेळी मलाही नव्हती.

पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलंय, "वाटीवर फुंकर मारायचं काम आता मुलानं स्वतःकडं घेतलंय. शाळेत जायच्या आधी तो विसरत नाही. आणि तो विसरलाच तर सासूबाई त्याला हाक मारून आठवण करतात."